प्रिन्स-टू की पीएमपी? आधी फॉर्म बघा, मग परीक्षा

चार-पाच वर्षं प्रकल्पांवर काम झालं की बढतीच्या नाहीतर मुलाखतीच्या वेळी ‘सर्टिफिकेशन कुठलं?’ हा प्रश्न येतोच. आपल्याकडे त्याचं ठरलेलं उत्तर पीएमपी, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ हा प्रकल्प व्यवस्थापनाचा दाखला. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्या काय किंवा आखातातली बांधकामं काय, नोकरीच्या जाहिरातींत बहुतेक वेळा तेच छापलेलं असतं. प्रिन्स-टू या त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या दाखल्याचं नाव निघतं ते बहुधा क्लायंट ब्रिटनमधला असला किंवा आपल्यालाच तिकडे, नाहीतर ऑस्ट्रेलियात जायचं असलं की. केवळ जाहिराती बघून निर्णय घ्यायचा असेल तर पुढे वाचायची गरज नाही, पीएमपी करा.

रोजच्या कामात काय उपयोगी पडतं आणि तिथवर पोचायला काय सोसावं लागतं, हेही बघायचं असेल तर मात्र पारडं इतकं एकतर्फी राहत नाही. मी प्रिन्स-टू निवडलं, हे आधीच सांगून टाकतो. माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवून पुढचं वाचलेलं बरं.

दोन्हींची जातच वेगळी आहे. प्रिन्स-टू ही पद्धत आहे: कोणी, कधी, कोणता निर्णय घ्यायचा आणि तो कुठल्या कागदावर उतरवायचा, हे ती ठरवून देते. ती ब्रिटिश सरकारी खात्यांच्या संगणक प्रकल्पांतून घडली. १९८९ मध्ये प्रिन्स आली, १९९६ मध्ये ती संगणकापुरती न ठेवता प्रिन्स-टू झाली. २०२१ पासून ती पीपलसर्ट या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे आहे आणि २०२३ मध्ये तिची सातवी आवृत्ती निघाली. पीएमपी ही पद्धत नाहीच. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेने १९८४ पासून द्यायला घेतलेला तो माणसाच्या अनुभवाचा दाखला आहे. तुम्ही कुठलीही पद्धत वापरा, प्रकल्प चालवायची अक्कल आहे का, एवढं ती परीक्षा तपासते. म्हणून ‘दोन्हींत चांगलं कोणतं’ हा प्रश्न जरासा ‘स्वयंपाकाचं पुस्तक चांगलं की सुगरणीचा दाखला’ असा होतो. तरी पैसे आणि रविवार दोन्ही मोजकेच असतात, तेव्हा एक निवडावंच लागतं.

फरक हाताला लागावा म्हणून एक काम घेऊ. एखाद्या पतसंस्थेच्या सहा शाखांचा डेटा जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायचा आहे. प्रिन्स-टूवाला आधी कामांची यादी करत नाही, हाती काय यायला हवं त्याची करतो. त्यातली एक वस्तू ‘तपासलेला खातेदार डेटा’. तिचं प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन लिहायचं: ही कशासाठी, तिच्यात काय काय येतं, ती कशातून तयार होते, कुठल्या स्वरूपात हवी. खरी मेख पुढच्या रकान्यांत असते. गुणवत्तेचे निकष, त्यांत किती सूट, तपासणीची रीत आणि तपासणार कोण. ‘डेटा अचूक असावा’ हा निकष नव्हे. ‘प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्या लेजरशी पैशापर्यंत जुळावी, सूट शून्य, पत्त्यात पिनकोड नसलेली खाती दर हजारी पाचपर्यंत चालतील, तपासणी शाखाधिकाऱ्याने करायची, डेटा भरणाऱ्याने नाही’ हा निकष. असं एक पान लिहून झालं की शेवटच्या आठवड्यातली निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत. पीएमपीच्या अभ्यासातही व्याप्ती आणि स्वीकृतीचे निकष येतात, पण ‘हे पान असं लिही’ असं तिथे कोणी हात धरून सांगत नाही.

आता हाच टप्पा दहा आठवड्यांचा धरा, सूट एक आठवड्याची. सहाव्या आठवड्यात लक्षात येतं की बारा लागणार. प्रिन्स-टूत प्रकल्प व्यवस्थापक परिणाम तपासतो, आणि अंदाज दिलेली सूट ओलांडतोय हे दिसलं की लगेच तसा अहवाल, म्हणजे एक्सेप्शन रिपोर्ट, प्रोजेक्ट बोर्डापुढे ठेवतो. बोर्डावर तिघांचे हितसंबंध असतात: पैसा लावणाऱ्याचा एक्झिक्युटिव्ह, वापरणाऱ्यांचा सीनियर यूजर, बनवणाऱ्यांचा सीनियर सप्लायर. निर्णय त्यांचा. काम सूट न ओलांडता चाललं असताना त्यांना त्रास द्यायचा नाही, सूट ओलांडली जाणार असेल तर गप्प बसायचं नाही. पीएमपीच्या प्रश्नात हीच परिस्थिती आली की चार पर्यायांपैकी ‘ताबडतोब प्रायोजकाला कळवा’ हा बहुधा सापळा असतो. त्यांना हवं असतं ते ‘टीमबरोबर बसून कारण आणि परिणाम समजून घ्या’. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत. पण एकाच्या पाठोपाठ दुसऱ्याचा अभ्यास करणारे इथेच घसरतात, कारण डोक्यात आधीच्या परीक्षेचं उत्तर बसलेलं असतं.

पीएमपीचा अभ्यास वाईट आहे असं मुळीच नाही. माणसं सांभाळणं, संघातले वाद, अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करायची रीत) आणि मिश्र पद्धती यांत तो प्रिन्स-टूपेक्षा भरलेला आहे. सातव्या आवृत्तीत प्रिन्स-टूनेही ‘माणसं’ हा घटक मध्यभागी आणून ठेवला, पण तो अजून पाहुण्यासारखाच वाटतो.

मग माझं घोडं अडलं कुठे? अर्जात.

पीएमपीला चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांतला छत्तीस महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव लागतो, बारावी किंवा डिप्लोमावाल्यांना साठ महिन्यांचा. शिवाय पस्तीस तासांचं प्रशिक्षण. ऐकायला सोपं. पण हे महिने एकमेकांवर चढलेले चालत नाहीत. जानेवारी ते जून तुम्ही तीन प्रकल्प एकदम ओढले असतील तर हिशेबात सहाच महिने धरायचे, अठरा नाहीत. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपनीत तीन क्लायंट एकाच माणसाच्या गळ्यात असणं हा नियमच, आणि दोन प्रकल्पांच्या मध्ये बेंचवर काढलेले महिने शून्य. सपोर्ट आणि मेंटेनन्स म्हणजे रोजचं चालू काम. त्याला सुरुवात-शेवट नसल्याने ते प्रकल्पात बसत नाही. सात वर्षं नोकरी झालेला माणूस कागदावर मोजायला बसतो आणि एकतीस महिन्यांवर येऊन थांबतो.

पुढे प्रत्येक प्रकल्पाचं वर्णन: उद्देश, तुमची भूमिका, जबाबदाऱ्या, काय हाती दिलं, निष्पन्न काय. दोनशे ते पाचशे शब्द. ‘कोऑर्डिनेट केलं’, ‘असिस्ट केलं’ असं लिहिलंत तर तुम्ही प्रकल्प चालवला असं दिसत नाही, आणि अर्ज परत येतो. एवढं करून अर्ज ऑडिटसाठी निवडला गेला (निवड यादृच्छिक, तुमचा गुन्हा काही नसतो), तर नव्वद दिवसांत पदवीची प्रत, प्रशिक्षणाचा दाखला आणि प्रत्येक प्रकल्पासाठी त्या वेळच्या वरिष्ठाकडून किंवा तो प्रकल्प माहीत असलेल्या माणसाकडून पडताळणी. तो साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या देशात, आणि त्याचा ऑफिसचा ईमेल बंद. ज्याच्याशी राजीनामा देताना वाजलं होतं, त्याच्याच दारात आता हात जोडून उभं राहायचं. विषयाचा अभ्यास दोन-तीन महिन्यांत होतो. हा कागदी वनवास किती चालेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून पीएमपी पुढेमागे करायची असेल त्यांनी आजच एक तक्ता उघडावा: प्रकल्प, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आपली भूमिका, पडताळणी देणाऱ्याचा खासगी ईमेल. खासगीच, कंपनीचा नको.

प्रिन्स-टूला यातलं काही नाही. पहिली पायरी फाउंडेशन, तिला अनुभवाची अट नाही, वर्ग लावायची सक्ती नाही. सातव्या आवृत्तीत साठ मिनिटांत साठ प्रश्न, छत्तीस बरोबर आले की पास. मग वरची पायरी, प्रॅक्टिशनर: दीडशे मिनिटं, सत्तर गुण, पास व्हायला बेचाळीस, आणि अधिकृत पुस्तक जवळ ठेवायची मुभा. या मुभेवर फार विसंबू नका. एका गुणामागे दोन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो, त्यात पानं उलटत बसलात तर शेवटचे पंधरा प्रश्न तसेच राहतात. भूमिका कोणाच्या आणि कुठल्या दस्तऐवजात काय येतं, एवढ्याच पानांना रंगीत पट्ट्या लावाव्यात. तत्त्वं आणि प्रक्रियांचा क्रम डोक्यातच हवा. गुण जातात ते भूमिकांच्या सरमिसळीत: एक्झिक्युटिव्हला सीनियर यूजरची भूमिका जोडीला घेता येते, पण प्रकल्प व्यवस्थापकाला बोर्डावर बसता येत नाही, आणि बोर्डाच्या वतीने कामावर नजर ठेवायचं प्रोजेक्ट अ‍ॅशुरन्सही त्याच्याकडे देता येत नाही. इंग्रजी ही मातृभाषाही नाही आणि कामकाजाची भाषाही नाही, अशांना पंचवीस टक्के जादा वेळ मिळू शकतो. आयटीवाल्यांनी त्यावर आशा ठेवू नये.

अप्पा बळवंत चौकात या पुस्तकाची जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर आवृत्ती बघून घ्या. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ‘थीम्स’ होत्या, आता त्यांना ‘प्रॅक्टिसेस’ म्हणतात. ‘चेंज’चं ‘इश्यूज’ झालं आणि उद्दिष्टांत शाश्वततेची भर पडली. तसंही परीक्षेसोबत ई-पुस्तक मिळतंच.

पीएमपीची परीक्षा दमवते. २०२१ च्या आराखड्यात दोनशे तीस मिनिटांत एकशे ऐंशी प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. त्यातले पाच नुसतेच चाचणीचे, पण ते कोणते हे कळत नाही. मध्ये दहा मिनिटांच्या दोन सुट्या, आणि सुटी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. किती गुणांना पास हे जाहीर केलं जात नाही, निकालात फक्त श्रेण्या दिसतात. आराखडा काही वर्षांनी बदलतो, तेव्हा पुस्तक घेण्याआधी पीएमआयचा चालू आराखडा उतरवून घ्या. दोन्ही परीक्षा घरून देता येतात, पण वीज आणि इंटरनेटचा भरवसा नसेल तर पीएमपीसाठी केंद्र गाठणं बरं. चार तासांत कधीतरी दिवे जाणारच, असं धरून चालावं.

दाखला टिकवण्याची कटकट दोन्हीकडे आहे. पीएमपीला तीन वर्षांत साठ पीडीयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे गुण. प्रिन्स-टूही तीन वर्षांनी संपतं, आता फाउंडेशनसुद्धा. पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर वर्गणी भरून वर्षाला वीस सीपीडी गुण (तेही शिकत राहिल्याचेच) नोंदवा. फाउंडेशनलाही मुदत लावली, हे मला अजून पटलेलं नाही.

प्रिन्स-टूची खरी अडचण दाखला हातात आल्यावर कळते. कार्यालयात प्रोजेक्ट बोर्ड असतो, पण तो निर्णय घेत नाही. रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची नोंदवही, असतं, पण पहिल्या आठवड्यानंतर त्यात ओळ पडत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अशा ठिकाणी पद्धत येणाऱ्या एकट्या माणसाला फक्त फॉर्म भरायचं काम मिळतं, आणि तिथे पीएमपीवाल्याचं माणसं हाताळणं जास्त कामाचं ठरू शकतं.

तरी अनुभवाचे महिने अजून भरत नसतील, किंवा भरूनही जुन्या साहेबांचा पत्ता लागत नसेल, तर प्रिन्स-टूने सुरुवात करावी असं मला वाटतं. आखातात जायचं नक्की असेल, पाच वर्षं एकाच कंपनीत एकापाठोपाठ एक प्रकल्प झाले असतील आणि साहेब अजून शेजारच्याच केबिनमध्ये बसत असतील, तर पीएमपी उरकून घ्या. त्यांची बदली व्हायच्या आत. आणि दोन्ही करायचीच असतील तर एक सवलत ध्यानात ठेवा: पीएमपी असणाऱ्याला प्रिन्स-टूचं फाउंडेशन न देता थेट प्रॅक्टिशनरला बसता येतं. उलट दिशेने ही सवलत नाही. प्रॅक्टिशनर झालात तरी पीएमपीचे छत्तीस महिने तुम्हाला मोजूनच दाखवावे लागतात, एकमेकांवर न चढलेले.