खिडकीची ग्रिल: लोखंडी, 202, 304 की 316?

आमच्या माहीमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या खिडक्यांचं काम निघालंय आणि जिन्यात भेटेल तो विचारतोय, लोखंडी करू की स्टीलची, म्हणून एकदाच नीट लिहितो.

लोखंडी म्हणजे एमएस (माइल्ड स्टील, आपलं साधं लोखंड). स्वस्त, दणकट, कुठलाही वेल्डर करून देतो. पण त्याचं संरक्षण म्हणजे फक्त वरचा रंग, आणि खाऱ्या हवेत तो टिकत नाही. आमच्या जुन्या ग्रिलला दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या पट्टीपाशी, जिथे पाणी साचतं तिथे, नुसतं नख लावलं तर रुपयाएवढा पापुद्रा निघाला आणि आत नारिंगी भुकटी! दर दोन वर्षांनी घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मारणार असाल तरच एमएस घ्या, नाहीतर हॉट डिप गॅल्वनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या, म्हणजे आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं.

स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, त्याच्या ऑक्साइडचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि ओरखडा पडला तरी परत तयार होतो. समुद्राचं मीठ मात्र नेमका तोच थर फोडतं, म्हणून सगळा खेळ ग्रेडचा, म्हणजे 202, 304, 316 या स्टेनलेसच्या प्रतींचा आहे. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, घरातल्या रॅकला चालेल, बाहेर अजिबात नको, चहा सांडल्यासारखे डाग पडायला लागतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम, जे मिठासमोर तग धरतं.

ग्रेड ओळखायला लोहचुंबक लावून बघू नका, 202 आणि 304 दोघांनाही तो सहसा चिकटत नाही, आणि नवीन पाइप शेजारी शेजारी ठेवले तर मलाही फरक कळत नाही. गुलालवाडीच्या स्टील बाजारात पाइप घेताना टेस्टिंगचं लिक्विड मागा, थेंब टाकून बॅटरी लावली की 202 वर तो लाल होतो. बिलावर ग्रेड लिहून घ्याच, कारण भाव निकेलवर हलतात (मार्च 2022 मध्ये लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला 1 लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहार थांबवावे लागले) आणि निकेल चढलं की 304 च्या नावाने 202 खपवायचा मोह होतोच.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: वेल्डिंगशेजारी जो निळा-काळा पट्टा उमटतो तो पिकलिंग पेस्टने (आम्लाची पेस्ट) साफ करून घ्या, आणि त्याच ग्राइंडरच्या चकतीने आधी एमएस कापलं असेल तर ती चकती बदलायला लावा. लोखंडाचे कण स्टीलवर बसले की 304 सुद्धा गंजल्यासारखं दिसतं.

समुद्र खिडकीतून दिसत असेल तर 316 च. आमच्यासारखं दोन गल्ल्या आत असेल तर 304 पुरे, फक्त महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसा, आणि समुद्रापासून लांब, मुलुंडला भाड्याच्या घरात असाल तर गॅल्वनाइझ केलेलं एमएस घ्या, उगाच जास्त पैसे घालू नका.