व्ही-वनला इंजिन बंद: सिम्युलेटरचं सत्र कसं वाटलं

टेकऑफला इंजिन गेलं तर? ही धास्ती मला वैमानिक झाल्यापासून आहे, म्हणून फुल-मोशन सिम्युलेटरचं, म्हणजे खऱ्या विमानासारख्या हलणाऱ्या नकली कॉकपिटमधलं, हे सत्र फार मोलाचं वाटलं. व्ही-वन, म्हणजे टेकऑफ रद्द करायचा निर्णय घेता येतो तो शेवटचा वेग, ओलांडताच प्रशिक्षकांनी डावं इंजिन बंद केलं. नाक झटकन डावीकडे ओढलं गेलं; नाक सरळ ठेवायला उजव्या रडरचं पेडल पायाने रेटून धरताना मांडी थरथरत होती. या वेगानंतर थांबायला धावपट्टी पुरेलच असं नाही, त्यामुळे उडायचंच. चाकं वर, वेग सांभाळायचा, ४०० फुटांपर्यंत चेकलिस्टला हात लावायचा नाही. प्रशिक्षक मध्येच बोलत नाहीत, हे विशेष आवडलं. कॉकपिटमधल्या धुराचा प्रसंग मात्र उरकल्यासारखा झाला. ऑक्सिजन मास्क लावून एकमेकांशी बोलण्याचा सराव आणखी हवा होता. इंजिनाच्या सरावासाठी डोळे झाकून नाव नोंदवा.