बारोलो घ्यायची तर कोणाची: मास्कारेल्लो की अल्तारे?

इटलीतल्या पिएमोंते प्रांतातली बारोलो ही लाल वाईन बनते ती फक्त नेब्बिओलो द्राक्षापासून. नियमाने किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडात. लाकडी पिंप केवढं असावं, यावरून मात्र तिथे दोन तट पडले.

बार्तोलो मास्कारेल्लो (मृत्यू 2005) जुन्या वळणाचे. कान्नुबी, सान लोरेन्झो, रुए आणि रोक्के या चार मळ्यांची द्राक्षं ते एकत्र करत. द्राक्षांच्या साली कित्येक आठवडे रसात राहत, मग वाईन मोठ्या, जुन्या पिंपांत जाई. त्यामुळे तिला लाकडाचा वास लागत नाही. कोवळी असताना ती हिरड्या आवळून धरते. दहा-पंधरा वर्षं थांबा, तीच बाटली उघडल्यावर सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो, रंग विटकरीकडे झुकलेला असतो आणि तुरटपणा मऊ झालेला.

ला मोर्रा गावचे एलिओ अल्तारे नव्या वळणाचे. 1983 मध्ये त्यांनी वडिलांची मोठी, जुनी पिंपं करवतीने कापली. वडिलांनी त्यांना वारसा नाकारला. साली काही दिवसच रसात ठेवायच्या, मग 225 लिटरची फ्रेंच ओकची लहान पिंपं. ही वाईन लवकर पिण्याजोगी होते. अर्बोरिना या एकाच मळ्याची वाईन त्यांनी वेगळी भरली आणि कच्चे घड छाटून उत्पन्न कमी केलं, हे त्यांचं मोठं काम.

पाच-सहा वर्षांत उघडणार असाल तर अल्तारे घ्या. ठेवायची असेल तर माझं मत ठाम आहे: मास्कारेल्लो. तिथे माती आणि चव यांच्या मध्ये लाकूड येत नाही.