स्पॅनिशमधलं 'चालणं' इंग्रजीत नेताना: जोडवाक्यांची साइट की स्पॅनिश-स्पॅनिश कोश?

बी २ पर्यंत, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीपर्यंत, स्पॅनिश करून आता स्पॅनिश-इंग्रजीची कामं घ्यायला लागलेल्यांचा एक प्रश्न हमखास असतो, वाक्प्रचार आला की उघडायचं काय? एका बाजूला त्या साइट्स, ज्यात तुम्ही स्पॅनिश शब्द टाकला की डावीकडे स्पॅनिश वाक्य आणि उजवीकडे त्याचं इंग्रजी अशा जोड्यांची रांग लागते, आणि दुसऱ्या बाजूला रिअल आकादेमिया या स्पेनच्या भाषा-अकादमीचा डीएलई, म्हणजे स्पॅनिशचा अर्थ स्पॅनिशमध्येच सांगणारा कोश. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, प्रश्न आहे पहिला हात कुठे जायला हवा हा.

माझ्याकडे येणारं काम बरंचसं चालण्याबद्दलचं असतं. कामिनो दे सांतियागो या स्पेनमधल्या तीर्थयात्रेच्या वाटेवरच्या मुक्कामांची माहितीपत्रकं, डोंगरवाटांच्या गाइड्स, चालून आलेल्यांची प्रवासवर्णनं. फ्रेंच सीमेवरच्या सेंट-जाँ-प्ये-द-पोरपासून सांतियागोपर्यंत साधारण 780 किलोमीटर लोक पायी जातात आणि चालणाऱ्याला यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी निदान 100 तरी लागतात, तेव्हा या वाटेवरच्या लिखाणात पाय, पाऊल, पायपीट यांच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून खालची सगळी उदाहरणं त्याच भागातली आहेत, कायद्याचं किंवा मेडिकलचं काम असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी मराठी माणसाला इथे जो आयता फायदा आहे तो सांगतो. 'आंदार' म्हणजे चालणं, पण 'कोमो आंदास' म्हणजे कसं चाललंय, आणि 'एल रेलोह नो आंदा' म्हणजे घड्याळ चालत नाही. आपल्या 'चालणे'ला जे जे चालतं त्यातलं बरंच या क्रियापदालाही चालतं, त्यामुळे वाचताना आपण अडखळत नाही. 'आंदा दिसिएंदो' वाचलं की 'सांगत सुटलाय' हे डोक्यात आपोआप येतं. 'एस्तिरार लास पिएर्नास' म्हणजे पाय मोकळे करणं हेही पटकन लागतं (पिएर्नासच्या जागी पाता आलं, 'एस्तिरार ला पाता' झालं, की माणूस गेला, तेवढं सांभाळायचं). अडचण असते ती इंग्रजीत उतरवताना, आणि तिथेच माणूस जोडवाक्यांच्या साइटकडे धावतो.

त्या साइट्सचं जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. वेग आहे. 'आप्रेतार एल पासो' टाकलं की पाय उचलून चालण्याची इंग्रजीतली चार-पाच रूपं समोर येतात, क्विकन युवर पेस, पिक अप द पेस, वॉक फास्टर, आणि त्यातलं एखादं आपल्या वाक्यात बसतंही. 'दार उना वुएल्ता'सारख्या ठिकाणी तर त्या फार उपयोगी, कारण स्पॅनिश बोलणारा चक्कर मारून येतो म्हणताना पायी की गाडीने हे सांगेलच असं नाही आणि इंग्रजीला मात्र वॉक की ड्राइव्ह हे ठरवावं लागतं, तेव्हा लोक काय काय करतात ते एका नजरेत दिसतं. संध्याकाळी पाचला काम द्यायचंय आणि साडेचार वाजलेत अशा वेळी मीही तेच उघडतो.

पण मला ज्या एका गोष्टीचा त्रास होत राहिला ती म्हणजे त्या जोडीतलं मूळ वाक्य कुठलं हे कळत नाही. आपण धरून चालतो की डावीकडचं स्पॅनिश आधी कोणीतरी लिहिलं आणि उजवीकडे त्याचं भाषांतर आहे. तसं असेलच असं नाही ना! या जोड्या पुष्कळदा सबटायटल्समधून येतात. सिनेमा अमेरिकन, त्यातला गुंड म्हणतो 'वॉच युवर स्टेप', सबटायटलवाल्याने ते दोन ओळींत बसवण्यासाठी 'आंदाते कॉन कुइदादो' केलं, आणि आता मी ते स्पॅनिश शोधलं की साइट मला उत्तर म्हणून 'वॉच युवर स्टेप' देते. इंग्रजी एकदम अस्सल वाटतं, वाटणारच, कारण तेच मूळ आहे. पण माझ्या मजकुरात स्पेनच्या गालिसिया प्रांतातली आजी नातवाला जपून जा रे म्हणतेय आणि उजवीकडचं वाक्य धमकीतलं आहे. टेक केअर आणि वॉच युवर स्टेप यातलं अंतर त्या रांगेत कुठेच दिसत नाही.

दुसरा मोठा साठा म्हणजे युरोपियन पार्लमेंटची भाषणं. तिथे तर अजून वेगळं होतं, बोलणारा फिनलंडचा किंवा पोलंडचा खासदार, त्याच्या भाषणाचं स्पॅनिशही भाषांतर आणि इंग्रजीही भाषांतर, आणि ही दोन भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून तुम्हाला जोडी म्हणून दिली जातात. म्हणजे स्पॅनिश माणसाने काही म्हटलेलंच नाही आणि इंग्रज माणसानेही नाही! सरकारी शब्द असेल तर चालून जातं, कारण संज्ञा ठरलेल्या असतात. वाक्प्रचाराला हे चालत नाही, वाक्प्रचारात कोण कुणाला कुठल्या सुरात म्हणतोय यावरच तर सगळं असतं. हे एकदा लक्षात आल्यापासून प्रत्येक जोडीकडे बघताना मला शंका यायची, आणि शंका आली की मूळ शोधत बसायचं, मग वेग कसला राहिला?

आता कोश. डीएलईची तेविसावी आवृत्ती 2014 ची, ऑनलाइन ती अपडेट होत असते. तो इंग्रजी देत नाही हीच तक्रार सगळ्यांची असते आणि माझ्या मते तेच त्याचं बळ आहे, कारण तो तुम्हाला आधी अर्थापाशी थांबवतो. एक उदाहरण जरा नीट बघा. 'आंदार्से पोर लास रामास', शब्दशः फांद्याफांद्यांवरून चालत राहणं. कुठल्याही साइटवर टाका, 'बीट अराउंड द बुश' येणार, आपल्यालाही क्लासमध्ये तेच शिकवलेलं असतं. कोश काय म्हणतो, तर विषयातल्या कमी महत्त्वाच्या गोष्टींत अडकून राहणं आणि मुख्य ते बाजूलाच राहणं. यात टाळाटाळ असेलच असं नाही. एका प्रवासवर्णनात गाइडबद्दल असं वाक्य होतं की तो कॅथेड्रल दाखवताना 'से आंदाबा पोर लास रामास', आता हा बिचारा काही लपवत नव्हता, दारावरच्या कोरीवकामातच रमला होता आणि आत न्यायचं राहून गेलं. तिथे बीट अराउंड द बुश लिहिलं असतं तर तो लबाड ठरला असता. 'गॉट लॉस्ट इन द डीटेल्स' केलं आणि माणूस जसा होता तसा राहिला. हे जोड्यांच्या रांगेतून मला सापडलं नसतं असं वाटतं.

कोशाचा त्रासही आहे, तो सांगायलाच हवा. वाक्प्रचार क्रियापदाखाली शोधाल तर सापडणार नाही, आत नाम असेल तर तो नामाखाली असतो. 'आंदार कॉन पिएस दे प्लोमो', शिशाच्या पायांनी चालणं, म्हणजे फुंकून फुंकून पाऊल टाकणं, हा आंदारखाली नाही, पिएखाली बघायचा, आणि पिएखाली एवढे वाक्प्रचार आहेत की स्क्रोल करून बोट दुखतं. व्याख्या तुटक असतात, उदाहरणं कमी. नवशिक्याला पहिले काही आठवडे वैताग येईल हे नक्की. म्हणींसाठी मी सेंत्रो विर्तुआल सेर्वांतेस या साइटवरचा बहुभाषिक रेफ्रानेरो, म्हणजे म्हणींचा संग्रह, बघतो, तिथे म्हणीचा अर्थ, ती आज कितपत वापरात आहे आणि इंग्रजीतली समांतर म्हण हे एकत्र मिळतं.

आणि देश. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात चालणं म्हणजे आंदार, पण लॅटिन अमेरिकेत पायी चालण्याला 'कामिनार' जास्त, आणि आंदार असणं-फिरणं-करत राहणं याकडे झुकतं. 'आंदार एन बिसी' म्हणजे सायकल चालवणं, पायी जाण्याचा संबंधच नाही. 'आंदा कॉन लुसिया' मेक्सिकोत म्हटलं तर त्याचं तिच्याशी जमलंय असाच अर्थ निघण्याची शक्यता जास्त, स्पेनमध्ये नुसतं तिच्यासोबत असतो हेही असू शकतं. जोडवाक्यांत हे सगळे देश एकाच पातेल्यात पडलेले असतात. कोशात देशाची खूण असते, आणि अमेरिकेकडच्या स्पॅनिशसाठी भाषा-अकादम्यांच्या संघाचा 2010 चा दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस वेगळा आहे, तोही ऑनलाइन.

एका ठिकाणी मात्र दोघंही हात वर करतात. 'एन्त्रो कोहेआंदो', लंगडत आत आला. आपणही तसंच म्हणतो, आत येणं हे मुख्य क्रियापद आणि कसा ते सोबत. इंग्रजीत उलटं, 'ही लिम्प्ट इन', लंगडणं क्रियापदात आणि आत येणं त्या इवल्याशा इनमध्ये. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांची ही विभागणी मांडली आहे. मराठी आणि स्पॅनिश इथे एका बाजूला पडत असल्यामुळे आपल्या हातून 'ही एंटर्ड लिम्पिंग' सहज लिहिलं जातं, व्याकरण बरोबर असतं म्हणून कोणी लाल रेघही मारत नाही, पण पानभर असं झालं की इंग्रजी वाचणाऱ्याला जड जातं. यासाठी चांगलं इंग्रजी प्रवासलेखन वाचणं हाच उपाय मला सापडलाय, ट्रज, प्लॉड, अँबल, स्ट्रोल ही क्रियापदं हातात बसली की काम सोपं होतं. 'एतापा रोम्पेपिएर्नास', पायांचे तुकडे पाडणारा चढउतारांचा टप्पा, याला मी 'अप अँड डाउन ऑल डे, अँड हार्ड ऑन द लेग्ज' केलं होतं आणि ते कुठल्याच रांगेत किंवा कोशात नव्हतं.

मशिन ट्रान्सलेशनबद्दल थोडक्यात, पहिला खर्डा म्हणून वापरा, नेहमीचे वाक्प्रचार ते आता ओळखतं, फक्त आजीचा आणि गुंडाचा सूर एकच करून टाकतं.

तर तुमचं काम मेल्स, मॅन्युअल्स, हॉटेलच्या पाट्या असं असेल तर जोडवाक्यांची साइट पुरेल, उगाच कोशात शिरू नका. माणसं बोलतात, चालतात, थकतात असा मजकूर असेल तर मी आधी डीएलई, लॅटिन अमेरिकेकडचा मजकूर असेल तर सोबत आमेरिकानिस्मोस, अर्थ एका ओळीत मराठीत लिहून ठेवतो, मग स्वतःचं इंग्रजी, आणि शेवटी साइट उघडलीच तर फक्त ते इंग्रजी कोणी म्हणतं का एवढं बघायला. वेळ जास्त जातो, पण एडिटरकडून प्रश्न कमी येतात असा निदान माझा तरी अनुभव आहे.