जिओकॅशिंगची माहिती ठेवायची कुठे: संगणकावर जीसॅक की मोबाइलवर सी-जिओ?

सोलापुरातून जिओकॅशिंग, म्हणजे इतरांनी लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा छंद, सुरू करणारी ओळखीची माणसं हल्ली मला हमखास विचारतात, की माहिती आणि नकाशे सांभाळायला जीसॅक शिकून घ्यावं, की मोबाइलवरचं सी-जिओ पुरेसं आहे? मी दोन्ही वापरली आणि एकावर स्थिरावलो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण दुसऱ्या बाजूचं जे चांगलं आहे ते झाकून ठेवणार नाही. खातं कसं उघडायचं, डी-टी (डबा शोधायला आणि तिथवर पोहोचायला किती अवघड याचे आकडे) म्हणजे काय, जीपीएक्स (जीपीएस बिंदूंची) फाइल कशाला म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी आपल्या गावाचं सांगतो, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते. या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे असतात. तिथे एकेका गावात डब्यांची दाटी असते, म्हणून त्यांची सगळी काळजी हजारो नोंदी चाळायच्या कशा याची. आपल्याकडे डबे विरळ. सोलापूरकराचा हा छंद पुण्याला लग्नाला जाताना, हैदराबादला कामासाठी जाताना, विजापूरला पाहुण्यांना गोलघुमट दाखवायला नेताना, असा प्रवासाला जोडूनच चालतो. नोंदी थोड्या, अंतरं लांब आणि मधल्या टप्प्यात रेंज जाणार हे धरूनच चालायचं. दोन्ही साधनं मी याच गरजेवर तोलली.

जीसॅकबद्दल मला मनापासून आदर आहे. विंडोजवर चालणारा हा कार्यक्रम म्हणजे तुमच्या सगळ्या जिओकॅशचा पक्का साठा. प्रीमियम सदस्याला जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरून पॉकेट क्वेरी, म्हणजे निवडक डब्यांच्या माहितीची फाइल, काढता येते, एका वेळी १००० नोंदींपर्यंत. ती फाइल जीसॅकमध्ये ओढली की तक्ता तयार. मग हवा तो रकाना लावा, हवी तशी गाळणी लावा. त्यातली एक सोय तर आपल्यासारख्यांसाठीच केली आहे असं वाटावं अशी आहे: रस्त्याचे बिंदू दिले की त्या रस्त्यालगतच्या पट्ट्यातले डबे तेवढे वेगळे काढून मिळतात. सोलापूर, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, पुणे एवढे बिंदू द्यायचे, पट्टा दोन-तीन किलोमीटरचा ठेवायचा आणि गाडी फारशी वाकडी न करता काय काय बघता येईल याची यादी समोर. एसटीने जाणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, पण स्वतःची गाडी असेल तर ही सोय वापरून बघाच. रविवारी दुपारी पंख्याखाली बसून, मोठ्या पडद्यावर, पुढच्या महिन्याचा प्रवास असा आखण्यात खरंच आनंद आहे.

नवख्याला मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पॉकेट क्वेरीत बंद झालेले, म्हणजे अर्काइव्ह केलेले डबे येतच नाहीत. त्यामुळे एखादा डबा कायमचा बंद झाला तरी तो बंद झाल्याची खबर नव्या फाइलमधून तुमच्या साठ्यापर्यंत पोहोचत नाही. जुन्या फाइलमधून आलेली नोंद साठ्यात तशीच जिवंत दिसत राहते. यावर उपाय आहे. नोंद शेवटची कधी ताजी झाली याचा रकाना जीसॅकमध्ये असतो, त्यावर गाळणी लावून मागे पडलेल्या नोंदी वेगळ्या काढायच्या आणि त्यांची सद्यस्थिती तपासून घ्यायची. जाणकार हे सवयीने करतात. नवख्याला मात्र हे कुणीतरी सांगावं लागतं.

पण माझा निर्णय या गोष्टीने झाला नाही. ज्या गोष्टीने झाला ती वरवर किरकोळ वाटेल.

पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी वडाच्या झाडाखाली उभा होतो. हातातल्या मोबाइलमध्ये घरून काढून आणलेली यादी होती, नीट गाळलेली, क्रमाने लावलेली. पारंब्यांच्या मागे, दगडांच्या कपारीत, मुळांच्या बेचक्यात, सगळीकडे हात घालून झाला. अंधारायला लागलं तेव्हा रेंज मिळवून संकेतस्थळ उघडलं. मालकाने, म्हणजे तो लपवणाऱ्याने, आदल्याच दिवशी डबा दुरुस्तीसाठी काढून नेल्याची नोंद टाकली होती. माझी यादी त्याच्या आधी काढलेली, तिला हे कुठून कळणार? यात दोष ना मालकाचा, ना कार्यक्रमाचा. यादी घरी केली आणि डबा रानात शोधला की मधल्या वेळात असं होणारच.

खरी कटकट तर घरी परतल्यावर सुरू व्हायची. वाटेत मी मोबाइलवर टिपणं केलेली असायची: इथे कुंपण नवं घातलंय, इथे पार्किंग मागच्या बाजूला, या कोड्याचं (काही डब्यांची खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते) उत्तर असं नव्हे तसं. ती टिपणं राहायची मोबाइलमध्ये आणि साठा संगणकावर. पुढच्या खेपेला संगणकावरून नवी यादी काढली की तिच्यात ती टिपणं नाहीत. उलट घरी सोडवलेल्या कोड्याचे सुधारलेले अक्षांश-रेखांश जीसॅकमध्ये, आणि मोबाइलवर अजून मूळचेच. संकेतस्थळाच्या मार्फत दोन्हीकडचं बरंचसं जुळवून घेता येतं हे खरं, पण तेही आठवणीने, दर वेळी, दोन्ही बाजूंनी करावं लागतं. दुकानात रोजमेळ एकाने लिहायचा आणि खतावणी दुसऱ्याने, अशातला प्रकार. सगळं बरोबर असूनही जुळवणीत रात्र जाते. दहा-पंधरा नोंदींच्या छंदाला एवढी जुळवणी मला पटेना. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

सी-जिओमध्ये साठाही तोच आणि रानात हातात असतो तोही तोच. हे अँड्रॉइडवरचं मुक्तस्रोत अ‍ॅप आहे, स्वयंसेवक ते चालवतात, आणि ते जिओकॅशिंग संकेतस्थळाचं अधिकृत अ‍ॅप नव्हे. निघण्याआधी नकाशावर हवा तो भाग आणून तिथले डबे साठवून घ्यायचे, की वर्णन, सूचना, शोधणाऱ्यांच्या अलीकडच्या नोंदी सगळं मोबाइलमध्ये. पॉकेट क्वेरीही थेट त्यात घेता येते. वाटेत चहाला थांबलात आणि रेंज असली, तर यादी तिथल्या तिथे ताजी करता येते. माझ्यापुरता वडाच्या झाडाचा प्रश्न एवढ्यानेच मिटला. टिपण लिहिलं की ते त्याच नोंदीला चिकटून राहतं. डबा सापडल्याची नोंद रेंज नसतानाही लिहून ठेवता येते आणि नंतर पाठवता येते.

सोलापूरकरांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. संकेतस्थळावर नसलेले, स्वतःचे बिंदूसुद्धा जिओकॅशसारखे नोंदवता येतात. आता गावात डबेच थोडे, तर हात बसवायचा कशावर? मी सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची एक यादी करायला घेतली. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज या लिंगांकडे जातात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण एकेक जागा स्वतः शोधत गेल्यावर कळतं, की काही मोठ्या रस्त्याला आहेत, काही वस्तीत अशा आत आहेत की शेजारच्या गल्लीतल्यालाही विचारावं लागतं. प्रत्येक ठिकाणी उभं राहून बिंदू घ्यायचा, गल्ली कुठून आत जाते ते टिपायचं, एक फोटो जोडायचा. बिंदू घेणं, नाव देणं, यादीत टाकणं, होकायंत्राच्या पडद्यावरून पुन्हा तिथेच पोहोचून बघणं, हे सगळं यात शिकून होतं. कुणाच्या डब्याची वाट बघावी लागत नाही. जीसॅकमध्येही स्वतःचे बिंदू घालता येतात, पण त्यासाठी ते आधी कुठेतरी टिपून घरी आणावे लागतात.

बिंदूंचा विषय निघालाच आहे तर अक्षांश-रेखांश लिहिण्याची पद्धत बघून ठेवा, कारण दोन्ही साधनांत नवखा अडखळतो तो इथेच. जिओकॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात. गुगलच्या नकाशावर बहुधा दशांश अंश दिसतात. सिद्धेश्वर तलावाचा परिसर दशांश अंशांत १७.६७ उत्तर, म्हणजेच १७ अंश ४०.२ मिनिटं. हे ४०.२ दशांश अंश समजून १७.४०२ असं भरलंत, तर नुसत्या अक्षांशातच सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, भीमेच्या बाजूला जाऊन पडाल, आणि रेखांशही तसाच भरला तर आणखी पश्चिमेला. उलट मिनिटांचा तिसरा दशांश म्हणजे जेमतेम १.८५ मीटर. २ मे २००० पासून अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला. तो तिसरा दशांश कामाचा झाला तो तेव्हापासून. सी-जिओत आकडे भरताना पद्धत तिथल्या तिथे बदलता येते, म्हणून पानावर जसं लिहिलंय तसंच भरायचं. डोक्यात रूपांतर करत बसू नका.

नकाशांच्या बाबतीत मला सी-जिओ स्पष्टपणे उजवं वाटलं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाच्या माहितीवर बनलेले ऑफलाइन नकाशे अ‍ॅपमधूनच उतरवून घेता येतात. फाइल मोठी असते, घरच्या वायफायवर उतरवा. जुन्या पेठांतल्या बोळी, तळ्याकाठच्या पायवाटा, माळावरून जाणारे गाडीरस्ते यांसाठी माझा तरी अनुभव असा की हे नकाशे जास्त उपयोगी पडतात. गाडीने गावापर्यंत पोहोचायला मात्र मी अजूनही गुगलचाच नकाशा लावतो. स्वतः डबा लपवायचा विचार असेल तर सी-जिओच्या नकाशावर प्रत्येक डब्याभोवती १६१ मीटरचं वर्तुळ दाखवता येतं. दोन डब्यांत किमान तेवढं अंतर लागतं, ते नजरेनेच कळतं. भुईकोटासारख्या संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय लपवायचं नाही, हे नकाशा सांगणार नाही. ते आपणच पाळायचं.

मोबाइलची बाजू जिथे लंगडी आहे तेही सांगायला हवं. आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी दुचाकीच्या हँडलला लावलेला मोबाइल तापतो, स्वतःहून पडदा मंद करतो, आणि नेमकं तेव्हाच उन्हात काही दिसत नाही. जीपीएस सतत चालू ठेवलं तर बॅटरी दुपारपर्यंत निम्म्यावर येते. पॉवर बँक जवळ हवीच, आणि मोबाइल हँडलऐवजी खिशात ठेवून थांबल्यावरच काढलेला बरा. पन्नासेक नोंदींची तुलना करायची असेल, आकडेवारी काढायची असेल, तर सहा इंची पडद्यावर डोळे शिणतात. तिथे जीसॅकच्या तक्त्याला तोड नाही. आणि पुढे कधी तुमच्या नोंदी शेकड्यांत गेल्या, दर वर्षी दोन-तीन शहरं करायला लागलात, तर जीसॅककडे वळण्यात शहाणपणच आहे. मीसुद्धा लांबच्या प्रवासाआधी रस्त्यालगतची यादी काढायला ते अधूनमधून उघडतो, यादी मोबाइलमध्ये घेतो आणि बंद करतो. टिपणं त्यात ठेवत नाही.

हातात धरायचं गार्मिनचं जीपीएस यंत्र आणि त्याचा संगणकावरचा कार्यक्रम बेसकॅम्प हा तिसरा रस्ता. पाऊस-धूळ सोसतं, सेल बदलले की पुन्हा चालू, उन्हात पडदा छान दिसतो. पण सुरुवातीलाच एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही, आणि माहिती संगणकावरून यंत्रात न्यायची कटकट पुन्हा आलीच.

तेव्हा अँड्रॉइड मोबाइल असेल तर सी-जिओपासून सुरुवात करा, असं मी सुचवीन. आधी ऑफलाइन नकाशा उतरवा, मग आपल्याच भागातले स्वतःचे बिंदू घेऊन एक यादी करा, आणि त्यानंतर पुणे किंवा हैदराबादचा भाग साठवून बघा. ज्यांना तक्ते आणि गाळण्या मुळातच आवडतात त्यांना माझं म्हणणं कदाचित पटणार नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. आयफोन असेल तर सी-जिओ मिळत नाही. तिथे कॅशली नावाचं विकतचं अ‍ॅप आहे, त्यातही नोंदी ऑफलाइन साठवता येतात.

सगळं एकाच ठिकाणी ठेवण्याची एक जबाबदारी मात्र येते. मोबाइल हरवला किंवा बदलला की साठाही गेला. सी-जिओच्या मेनूत बॅकअपची सोय आहे, लांबच्या प्रवासाआधी आणि नंतर ती दाबा. बॅकअप मोबाइलमधल्याच एका फोल्डरमध्ये पडतो, म्हणून तो फोल्डर केबल लावून संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. नवा मोबाइल घेतल्यावर जुना विकण्याआधी बॅकअप नव्यात परत आणून बघा, याद्या आणि टिपणं उघडतात याची खात्री करा, आणि मगच जुना पुसून टाका.