फ्लाइटरडार24 : अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत कितपत भरवशाचे?

घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरणारे विमान कोठून आले, हे पाहण्यापुरते फ्लाइटरडार24 हे विमानांचा प्रवास नकाशावर दाखवणारे ॲप अनेक मुंबईकरांच्या फोनमध्ये असते, आणि त्या कामात ते उत्तमच आहे. मात्र विमान अपघात घडला की याच ॲपचे स्क्रीनशॉट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुरावा म्हणून फिरू लागतात. या परीक्षणात त्या वापरापुरताच विचार केला आहे.

विमानातील ट्रान्सपॉन्डर हे उपकरण स्थान, उंची आणि वेग सतत प्रसारित करतो, आणि ॲपसाठी हे संदेश टिपणारे रिसीव्हर बहुतांशी हौशी लोकांनी आपापल्या गच्चीवर बसवलेले असतात. मध्ये इमारती आल्या की जमिनीलगतचे संदेश तुटतात. म्हणजे उड्डाण आणि उतरणे, ज्या टप्प्यांत अपघात अधिक होतात, नेमकी तेथेच माहिती विरळ असते. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे 171 क्रमांकाचे विमान कोसळले तेव्हा सुरुवातीच्या तुटक नोंदींवरून विमान धावपट्टीच्या मध्यातूनच उडाल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. फ्लाइटरडार24 कंपनीने अधिक नोंदी तपासून त्याच दिवशी खुलासा केला की विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत मागे गेले होते आणि सुमारे साडेतीन किलोमीटरची पूर्ण धावपट्टी त्याने वापरली होती. खुलासा तत्पर होता, हे कंपनीच्या बाजूने नोंदवायलाच हवे. पण तोवर मूळ तर्क दूरवर पोहोचला होता.

उंचीचा आकडा तर याहून फसवा आहे. विमान 625 फुटांपर्यंत पोहोचले, असे त्या दिवशी सर्वत्र सांगितले गेले. ट्रान्सपॉन्डर जी उंची पाठवतो ती 1013 हेक्टोपास्कल (दाबाचे एकक) हा हवेचा प्रमाण दाब गृहीत धरून मोजलेली असते, स्थानिक दाबाप्रमाणे दुरुस्त केलेली नसते. जूनमध्ये आपल्याकडे दाब हजाराच्या आसपास उतरतो आणि प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे 28 फुटांचा फरक पडतो, त्यामुळे पावसाळ्यात मुंबईतही ॲपमधील विमान प्रत्यक्षापेक्षा तीन-साडेतीनशे फूट वर दिसू शकते. ही दुरुस्ती करून अहमदाबादची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा केल्यावर 625 फूट म्हणजे जमिनीपासून जेमतेम 70 फूट उरतात. शिवाय तो आकडा विमानाने गाठलेल्या कमाल उंचीचा नव्हता, तर हाती आलेल्या शेवटच्या नोंदीचा होता.

अपघाताच्या कारणाबाबत हे ॲप काहीच सांगू शकत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. त्याला शेवटचा संदेश यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) 08:08:51 ला मिळाला, तर विमानातील रेकॉर्डरची नोंद 08:09:11 पर्यंत चालू होती. एएआयबी या विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या 12 जुलैच्या प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच उड्डाणानंतर काही क्षणांतच, एका सेकंदाच्या अंतराने, ‘कटऑफ’ म्हणजे इंधनपुरवठा बंद करणाऱ्या स्थितीत गेले होते. म्हणजे ॲपला शेवटचा संदेश मिळण्यापूर्वीच ही घटना घडली, तरी त्यात तिचा मागमूस नव्हता, कारण स्विचची माहिती या संदेशांत नसतेच. दरम्यान पक्षी धडकल्याचे आणि फ्लॅप (पंखांमागचे उचल वाढवणारे भाग) न उघडल्याचे ठाम निदान समाजमाध्यमांवर होऊन गेले होते. अहवालात मात्र परिसरात पक्ष्यांचा लक्षणीय वावर आढळला नाही आणि फ्लॅपचा दांडा नेहमीच्या 5 अंशांवर होता. स्क्रीनशॉट पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा अहवाल उघडून पाहिला असेल, याची शंकाच आहे.

फुकट आवृत्तीत मागील 7 दिवसांची उड्डाणे पाहता येतात आणि त्याहून जुन्या नोंदींसाठी वर्गणी भरावी लागते. केवळ अपघातांची माहिती हवी म्हणून ती भरण्याची गरज वाटत नाही: मोठ्या अपघातानंतर कंपनी स्वतःच तपशीलवार नोंदी प्रसिद्ध करते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साधारण 30 दिवसांत अपेक्षित असलेला प्राथमिक अहवाल एएआयबीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.