क्रिस्पी व्हेज घरी करायचंय: कॉर्नफ्लोअर, ब्रेडचा चुरा की रवा?

समजा, शनिवारी तुमच्याकडे सहा-आठ जण जेवायला येणार आहेत आणि सुरुवातीला हॉटेलात मिळतं तसं क्रिस्पी व्हेज, सोबत डिप, असं ठरलंय. फ्लॉवर, बेबी कॉर्न, मश्रूम आणून झालेत. आता भाज्यांना लावायचं काय, इथे गाडी अडते. रेसिपी शंभर सापडतात आणि प्रत्येकीत पिठं वेगळी. मी हे सगळे प्रकार घरी बऱ्याचदा केलेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: कढईतून निघालेला तुकडा तोंडात जाईपर्यंत किती मिनिटं जाणार आहेत, ते आधी ठरवायचं. पीठ त्यावरून निवडायचं.

हे मला मुलीच्या वाढदिवसाला कळलं. दोन किलो फ्लॉवर छान सोनेरी तळला आणि गरम राहावा म्हणून कॅसरोलमध्ये झाकून ठेवला. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं आणि वरचं आवरण ओल्या कापडासारखं सुटून आलं होतं. पिठाचं प्रमाण बरोबर होतं, तेलही नीट तापलेलं होतं. फ्लॉवर काय, मश्रूम काय, नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तळल्यावरही आतून वाफ येत राहते. तिला बाहेर जायला वाट मिळाली नाही, की ती आवरणात मुरते. म्हणून तळण कागदावर ढीग करून ठेवू नका. स्टीलच्या जाळीवर किंवा चाळणीत, एका थरात, उघडं ठेवा. पीठ कुठलंही निवडा, हे पाळावंच लागेल.

आधी बेसनाचं सांगून टाकते, कारण हात सवयीने त्याच डब्याकडे जातो. भज्यांना बेसनच हवं, त्यात वादच नाही. पण बेसनात प्रथिनं भरपूर, त्यामुळे ते लवकर तांबूस होतं, चव स्वतःची देतं आणि थर जाड बसतो. कढईतून थेट ताटात आलेली भजी झकास लागतात, दहा मिनिटांनी मऊ पडतात. हॉटेलातल्या त्या पातळ, काचेसारख्या कुरकुरीतपणाशी त्याचा संबंध नाही. अपवाद एकच, कुरकुरी भेंडी. भेंडीचे लांब बारीक काप, त्यावर मीठ-तिखट आणि कोरडं बेसन भुरभुरून, भेंडीच्या स्वतःच्या चिकटपणावर बसेल तेवढंच. तिथे बेसनाला तोड नाही.

कॉर्नफ्लोअरचं पातळ बॅटर

हॉटेलची चव हवी असेल तर ती इथे आहे. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढराशुभ्र, बोटांत दाबला तर कुरकुर वाजणारा स्टार्च, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. (अमेरिकेत असाल तर कॉर्नस्टार्च म्हणून मागा, नाहीतर पिवळं पीठ हातात पडेल.) यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे आवरण चिवट होत नाही. पण नुसतं कॉर्नफ्लोअर भाजीला नीट धरून राहत नाही, म्हणून थोडा मैदा. आणि कुरकुरीतपणा टिकावा म्हणून तांदळाचं पीठ. अर्धा किलो भाजीला माझं प्रमाण असं: अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, पाव वाटी मैदा, पाव वाटी तांदळाची पिठी, आलं-लसूण वाटण एक चमचा, मिरपूड, मीठ आणि फ्रिजमधलं गार पाणी पाऊण वाटीच्या आसपास. पाणी एकदम ओतू नका. बोट बुडवून बाहेर काढलं की पिठातून कातडी किंचित दिसली पाहिजे. अजिबात दिसली नाही, तर भजी होणार. फार घोटूही नका, मैद्याला चिवटपणा येतो. आणि कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घाणा सोडण्याआधी एकदा ढवळा.

सोडा घालायचा मोह आवरा. सोडा जास्त झाला की तळण तेल पितं, हे आपल्याकडे भज्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी मेख आहे दोनदा तळण्यात. हॉटेलांमध्ये भाज्या आधी अर्धवट तळून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात सोडतात. त्यामागे वेळेची सोय आहे, पण कुरकुरीतपणाही त्यातूनच येतो. पहिल्यांदा मध्यम तेलात, साधारण 160 अंशांवर, तीन मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही. मग जाळीवर दहा-पंधरा मिनिटं. या वेळात आतलं पाणी बाहेरच्या थराकडे येतं. दुसऱ्यांदा तेल चांगलं तापवून, 180 ते 190 अंशांवर, जेमतेम एक मिनिट. वर आलेलं पाणी फाडफाड उडून जातं आणि आवरण कडक होतं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिठाचा थेंब टाकून बघा: खाली जाऊन सावकाश वर आला तर पहिल्या तळणीचं तेल, पडताक्षणी बुडबुड्यांसकट वर उसळला तर दुसऱ्या. दुसऱ्या तळणीचा आवाज मला फार आवडतो. सुरुवातीला जोराचा चरचराट, मग तो बारीक होत जातो; बारीक झाला की काढायचं.

फ्लॉवरचे तुरे आधी हळद-मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून काढा आणि पंख्याखाली कापडावर पूर्ण कोरडे करा. बेबी कॉर्न उभं चिरा. मश्रूम पाण्यात बुडवून ठेवू नका, पुसून अख्खेच घ्या, कापले की पाणी सोडतात. सिमला मिरचीचं पाणीही आवरण सैल करतं, तिला मी यातून वगळते.

असं केलेलं क्रिस्पी व्हेज जाळीवर वीस-पंचवीस मिनिटं व्यवस्थित टिकतं. खोट एकच आहे: शेवटची तळणी पाहुणे बसल्यावरच करावी लागते. म्हणजे कोणीतरी एकजण कढईपाशी अडकतो, आणि बहुतेक घरांत तो कोण असतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणून पुढचा पर्याय नीट वाचा.

ब्रेडचा चुरा

चव वेगळी, हॉटेलातल्या चायनीजपेक्षा कटलेटच्या जवळ जाणारी. पण सोय एवढी की माणसं जास्त असतील तर मी हाच घेते. मैद्याचं सरसरीत पीठ, त्यात भाजी बुडवायची, चुऱ्यात घोळवायची, हलक्या हाताने दाबायची आणि ताटात मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये. हे सगळं सकाळी उरकता येतं. फ्रीजरमध्ये टाकलं तर आदल्या दिवशीही. तळणी एकदाच, मध्यम-तेज तेलात.

चुरा कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. टोस्टचा बारीक रवाळ चुरा घट्ट बसतो आणि आवरण जरा दगडी होतं. त्यापेक्षा दोन दिवसांचा शिळा ब्रेड कडा काढून मिक्सरमध्ये दोनदा फिरवा आणि तव्यावर मंद आचेवर सुकवा. जपानी पांको, म्हणजे ब्रेडचा जाडसर चुरा, याच कारणाने चांगला लागतो: त्याच्या पापुद्र्यांमध्ये हवा राहते. पण घरच्या ब्रेडने काम भागत असताना तेवढे पैसे घालायची गरज मला वाटत नाही. चुरा तेलात झडतो आणि जळतो, दर दोन घाण्यांनंतर झाऱ्याने काढत राहा. एअर फ्रायर वापरणार असाल तर प्रश्नच नाही, चुराच घ्या, वर तेलाचा हात फिरवून. पातळ बॅटर तिथे जाळीतून खाली गळतं.

रवा

कोकणात आणि गोव्यात भाज्यांचे काप असेच होतात. सुरण, कच्ची केळी, वांगं, आणि मिळालं तर नीरफणस. चकत्यांना हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ (सुरणाला तर ते हवंच, घसा खाजत नाही), मग बारीक रवा आणि तांदळाची पिठी समप्रमाणात, आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी. कढईभर तेल लागत नाही. फ्लॉवर-मश्रूमला रवा नीट धरत नाही, त्यामुळे हॉटेलच्या क्रिस्पी व्हेजची जागा हे घेणार नाहीत. पण ज्यांना तळण नको आहे आणि कुरकुरीत हवं आहे, त्यांना मी निःसंकोच काप सुचवते.

डिप

हॉटेलात बहुधा मेयोनीजमध्ये लसूण किंवा शेजवान चटणी कालवलेली असते. घरी अंड्याशिवाय हवं असेल तर पाव वाटी गार दूध आणि अर्धी वाटी रिफाइंड तेल हॅण्ड ब्लेंडरने फिरवा. घट्ट झालं की मोहरीपूड, लिंबू, लसूण घाला. चव तंतोतंत जमते, पण तळणावर पुन्हा तेल, चार तुकड्यांत जीभ थकते.

मी चक्क्याच्या बाजूची आहे. सायीचं अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार तास फ्रिजमध्ये टांगा. त्यात किसलेला लसूण, बारीक चिरलेला पुदिना, हिरवी मिरची, चिमूटभर साखर. मीठ अगदी वाढताना, आधी घातलं तर चक्का पाणी सोडतो. त्याचा गार आंबटपणा गरम तळणाला असा धरतो की माणसं फ्लॉवर संपल्यावर वाटी पुसून घेतात.

तर तुमच्या शनिवारसाठी: चौघं असाल आणि स्वयंपाकघरातच गप्पा मारत खाणार असाल, तर कॉर्नफ्लोअर आणि दोन तळण्या. आठ असाल, तर शुक्रवारी रात्री चुऱ्यात घोळवून फ्रीजरमध्ये ठेवा, शनिवारी पंधरा मिनिटांत तळा आणि सगळ्यांबरोबर बसा. दही मात्र दोन्हीकडे सकाळीच बांधा.